वरून पांढरा, आतून रद्दी

मी गोधड्या शिवते. कापडाच्या घड्यांचे ढीग लावले की खालचा तुकडा काढताना वरचे सगळे कोसळतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी कापड पुठ्ठ्यावर गुंडाळून पुस्तकांसारखं फळीवर उभं लावायचं ठरवलं. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड दोनदा दुमडलं की ११ इंच होतं, त्याला ८ बाय १२ इंचाचं कार्ड पुरतं. पेठेतल्या एका दुकानदाराने "ॲसिड-फ्री आहे ताई, फ्रेमवाले हाच नेतात" म्हणत १०० कार्डं दिली, ३५ रुपयांना एक. दोन्ही बाजूंनी पांढरीशुभ्र, गुळगुळीत. बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला, आणि मी तेवढ्यावर घरी आले.

दुसरा पावसाळा सरला. दसऱ्याच्या आवराआवरीत सासूबाईंच्या नऊवारीचा तुकडा उलगडला, तर आतल्या वेढ्यांवर, कार्डाच्या कडेवरून कापड जिथे वळलं होतं तिथे, चहा सांडल्यासारख्या तपकिरी रेघा. एका ठिकाणी कसरीने कुरतडलेलं. मी तीनदा धुतलं. रेघा तशाच आहेत. त्या लुगड्याची गोधडी लेकीसाठी शिवायची होती.

मग कार्ड मधोमध कापलं. आत करडा लगदा, त्यात छापील शाईचे ठिपके, आणि दोन पातळ थर खळीने एकमेकांना चिकटवलेले. खोकी बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाने हातात घेताच सांगितलं, "हा डुप्लेक्स आहे ताई, मिठाईच्या बॉक्सचा." रद्दीच्या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, असतं. ते जुनं होत जातं तसं आम्ल तयार होतं आणि ओल धरली की कापडात उतरतं. खळ तर कसरीचं आवडतं खाणं.

दुकानदार म्हणाला, कापलेला माल परत घेत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करायची म्हटलं तर दाखवायला पक्कं बिलच नाही.

तेव्हा पुठ्ठा घेताना एक कार्ड दुकानातच कापायला लावा आणि कड बघा. करडं दिसलं की उठा. आतून पांढरं असलं तरी तेवढ्याने खात्री होत नाही. कागदाचं आम्ल तपासायचं पेन मिळतं, त्याची रेघ जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर आम्ल आहे. "ॲसिड-फ्री" हा शब्द बिलावर लिहून घ्या.

मी आता सनपॅक वापरते, पाट्यांसाठी वापरतात ते पोकळ नळ्यांचं प्लास्टिक. ते पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यात आम्लही नाही आणि खळही नाही. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून ४८ कार्डं निघतात. फक्त कोपरे गोल कापा, नाहीतर धागे ओढले जातात. जुन्या जाहिरातीची शीट फुकट मिळाली तरी घेऊ नका, त्यावर गोंद असतो. आणि त्याच्यासारखंच दिसणारं सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं, तेही कापडाजवळ नको.

गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून गेले. तीच कार्डं बाहेर मांडलेली होती, आणि एक काकू गठ्ठा हातात घेऊन भाव विचारत होत्या. मी थांबून त्यांना कड दाखवली.