कारागिरीच्या उपमांतून ताई ची शिकवणारा कोर्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकवणाऱ्या या रेकॉर्डेड कोर्सबद्दल लिहिण्याचे माझ्या मनात नव्हते. परंतु ताज्या अपडेटनंतर रेशमाच्या उपमेचा धडा मूळ सदस्यत्वातून काढून वरच्या श्रेणीत टाकण्यात आला, आणि ज्या एका धड्यामुळे भरलेले पैसे वसूल झाल्यासारखे वाटत होते नेमका त्याच्यावरच कुलूप दिसू लागले, तेव्हा लिहिणे भाग पडले. कोर्सची रचना अशी : चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली ताई चीच्या यांग शैलीवरून बसवलेला २४ आकृत्यांचा क्रम, आणि प्रत्येक आकृती एखाद्या हस्तकौशल्याच्या उपमेतून समजावण्याची पद्धत. म्हणून थेट उपमांकडे वळतो.

यांतील बहुतेक उपमा शोभेच्या आहेत. कुंभाराचे चाक, सुताराचा रंधा, विणकराचा धोटा हे सारे ऐकायला छान वाटते, पण ऐकून झाल्यावर गुडघा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता तिथेच राहतो. माझी कसोटी साधी, आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला लावावी तशी काटेकोर आहे : हालचाल बिघडली तर उपमेवरून ते लक्षात येते का? रंध्याच्या धड्यातून हात एकसारखा फिरवावा एवढेच कळते, आणि तेवढे कोर्स न घेताही कळत होते.

रेशमाची उपमा या कसोटीला उतरते. ती कोर्सकर्त्यांची नव्हेच. १९व्या शतकातील ताई ची गुरू वू युश्यांग यांच्या नावावर असलेल्या लेखनात, कोषातून रेशीम ओढावे तसे बळ चालवावे, असे सांगितले आहे; आणि ताई चीची चेन शैली चालवणाऱ्या चेन घराण्यातील चेन शिन यांनी आपल्या ग्रंथात, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ साली छापला गेला, अंगभर फिरणाऱ्या पिळाची सारी मांडणी याच रेशमाभोवती केली. कोष गरम पाण्यात ठेवला की तंतूंना चिकटवून धरणारा डिंकासारखा पदार्थ मऊ होतो, टोक सापडते आणि शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू उलगडू लागतो. हिसका दिला तर तो तुटतो, ओढ सोडली तर सैल पडून गुंततो. म्हणजे चुका दोन प्रकारच्या, आणि दोन्ही लगेच ओळखू येणाऱ्या.

हे सर्वांत स्पष्ट होते ते मेघहस्तात, म्हणजे दोन्ही हात ढगांसारखे आळीपाळीने फिरवण्याच्या आकृतीत. वरचा हात चेहऱ्याच्या उंचीवरून आणि खालचा पोटासमोरून जात असताना भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकतो, आणि बाजूला पोहोचल्यावर वरचा तळवा बाहेर वळतो, तर खालचा हात वर येऊ लागतो. नेमक्या या वळणावर बहुतेकांची हालचाल क्षणभर थांबते, कंबर फिरायची राहते आणि हात मात्र आपली जागा बदलून घेतात. नुसते ‘थांबू नका’ म्हटल्याने हे सुटत नाही, कारण थांबल्याचे करणाऱ्याला जाणवतच नाही. दोन्ही तळव्यांमधून एक तंतू ताणलेला आहे असे धरले, तर तो नेमका त्या वळणावर सैल पडल्याचे पहिल्यांदा लक्षात येते. हा लाभ मोठा आहे, आणि एवढ्यावरच मी सुरुवातीला कोर्सला पूर्ण गुण देऊन टाकले होते.

पुढे मत बदलले, ते धड्याच्या चित्रीकरणामुळे. रेशमाच्या संपूर्ण धड्यात कॅमेरा हातांवर रोखलेला आहे; कंबर अधूनमधून दिसते, पाय कधीच दिसत नाहीत. वास्तविक धागा काढताना ओढण्याचे काम बोटे करत नाहीत, ते फिरणारा रहाट करतो. बोटे टोक शोधतात, नवे कोष जोडतात आणि तंतूवर नजर ठेवतात. जुन्या ताई ची लेखनातही हाच क्रम आहे : मूळ पावलांत, जोर पायांतून, ताबा कंबरेचा, आणि बोटांत केवळ त्याचे रूप. म्हणजे उपमेतला सर्वांत मोलाचा भाग, तो रहाट, चौकटीच्या बाहेर कापला गेला आहे. हात पाहून शिकणारा हातानेच ओढतो, खांदे वर येतात, आणि कंबर वळली की भार असलेला गुडघा आत ढळतो. तो पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे, आणि ही गोष्ट त्या धड्यात एकदाही सांगितलेली नाही.

पाठीमागून आणि पूर्ण उंचीचे चित्रीकरण द्यावे, असे मी ग्राहक सेवेला लिहिले. उत्तरात ॲप पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला आला. पुन्हा लिहिल्यावर तीच मेल आली, फक्त खालचे नाव वेगळे होते. त्यानंतर अपडेट आले, आणि पाय न दाखवणारा तोच धडा आता जास्त पैसे भरून पाहण्याची सोय झाली.

उपमेच्या मर्यादाही धड्यात यायला हव्या होत्या. तंतू फक्त ओढता येतो, ढकलता येत नाही. परंतु ताई चीतले पेंग, म्हणजे हातापायांत भरून राहणारा बाहेरच्या दिशेचा फुगीरपणा, ओढीच्या उपमेत बसत नाही, आणि केवळ ताण सांभाळत बसलेल्याची काखही आवळली जाते. शिवाय एकसारखा वेग हा यांग शैलीचा, आणि त्यातही त्या शैलीचे गुरू यांग चेंगफू यांच्यानंतर रूढ झालेला गुण आहे. चेन शैलीत संथ पिळाच्या मधूनच बळ झटक्याने सोडले जाते, तेव्हा ‘हिसका म्हणजे चूक’ हा नियम तिकडे घेऊन जाणाऱ्याची फसगत ठरलेली.

एवढे असूनही मी कोर्स लगेच सोडलेला नाही, कारण मूळ श्रेणीत मेघहस्ताचा स्वतंत्र धडा अजून शिल्लक आहे आणि त्यात निदान पूर्ण शरीर दिसते. रेशमाची उपमा त्याच्यावर ज्याची त्याने लावून घ्यावी, तिचे पैसे पडत नाहीत. आपोआप नूतनीकरणाची खूण मात्र काढून टाकली आहे. नव्याने घेणाऱ्यांनी आधी नमुना धडा पाहावा आणि त्यात पावले दिसतात का ते तपासावे. वरच्या श्रेणीचे पैसे तर पाठीमागचे चित्रीकरण येईपर्यंत अजिबात भरू नयेत.