पट्टी, स्केल आणि मंडळाची पेटी: साधी घ्यायची का स्केल चेंजर?

भजनी मंडळासाठी नवी पेटी (हार्मोनियम) घ्यायची ठरली की वाद ठरलेला, साधी घ्यायची का स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर वर-खाली करता येतो ती), आणि आता तर एखादं तरुण पोरगं कीबोर्डपण सुचवतं. जळगाव-धुळ्याकडे हे सारखं चालू असतं म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, वाजवणारा शिकायला तयार असेल तर साधी घ्या. पण त्याच्याआधी 'पट्टी' म्हणताना सगळे एकच गोष्ट बोलतायत का ते बघा, निम्मा घोळ तिथेच असतो.

दुकानदाराची पट्टी म्हणजे बोटाखाली दबते ती, काळी नाहीतर पांढरी. गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचा सा कुठे लागतो ते, म्हणजे काळी एक (सप्तकातली पहिली काळी), पांढरी पाच (पाचवी पांढरी) वगैरे. आणि गाणाऱ्या आक्का म्हणाल्या "दोन पट्ट्या खाली घ्या" तर तिथे पट्टी हे माप झालं, काळ्या-पांढऱ्या मिळून सप्तकात १२ घरं, त्यातली दोन घरं खाली. शिवाय घरात आपण "वरच्या पट्टीत बोलू नको" म्हणतो ते आवाज चढवण्याबद्दल, त्यामुळे नवखा माणूस "पट्टी वाढवा" म्हणाला तर त्याला बिचाऱ्याला बऱ्याचदा माइकचा आवाजच वाढवून हवा असतो.

स्केलचंही तसंच आहे. भजनवाला "स्केल कुठला" विचारतो ते फक्त सा कुठे धरायचा यासाठी, पण कीबोर्ड क्लासला जाणारा पोरगा "सी शार्प मायनर" सांगतो त्यात दोन गोष्टी आल्या, सा काळी एकवर आहे ही एक आणि त्याच्यापुढे कुठले स्वर घ्यायचे ही दुसरी. पहिली पकडा, दुसरी भजनाची चालच सांगते.

आता मुद्द्याचं. साध्या पेटीत सा बदलला की बोटं बदलावी लागतात, काळी एकवरून वाजवणाऱ्याला काळी चार दिली की सगळी बोटं नव्याने बसवायची. स्केल चेंजरमध्ये आतले सूर जागेवर राहतात आणि वरची पट्ट्यांची फळी उचलून सरकवता येते, म्हणजे बोटं नेहमीच्याच जागी आणि आवाज मात्र वर किंवा खाली. सोय मोठी आहे, खोटं कशाला बोलू. पण मग बोटाची पट्टी वेगळी आणि कानाची वेगळी होते भो! पेटीवाले दादा म्हणतात काळी एक, कारण बोट तिथे आहे, ऐकू येते काळी चार, आणि तबलेवाला दादांचं ऐकून तबला काळी एकला लावायला हातोडी मारत बसतो. म्हणून चेंजर घेतलाच तर मंडळात एक नियम करा, पट्टी सांगायची ती कानाचीच, मोबाइलवरच्या तंबोऱ्याला जी लावली असेल ती.

आणि तबला सरकत नाही हे कोणी लक्षातच घेत नाही. पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास, आणि वारकरी चालीत पुरुषही चढी पट्टी धरतात. फळी झटक्यात सरकते पण तबल्याची वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची दोरी) त्या वेगाने ऐकत नाही. इथे एक उपाय आहे, काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार, त्यामुळे काळी चारचा तबला बायकांना सा म्हणून चालतो आणि काळी एकच्या पुरुषांना पंचम म्हणून चालतो, फक्त चालीत पंचम वर्ज्य (वगळलेला) नसावा. मिश्र मंडळाने या दोन पट्ट्या पक्क्या केल्या तर वाजवणाऱ्याला दोनच ठिकाणची बोटं शिकायची उरतात, आणि तेवढ्यासाठी चेंजरचे जास्तीचे पैसे आणि जास्तीचं वजन मला तरी पटत नाही. वजनाचा प्रश्न साधा नाही, मुक्ताईनगरहून पंढरपूरला मुक्ताबाईंची पालखी निघते त्या वारीत पेटी गळ्यात अडकवून चालावं लागतं, तिथे चेंजर कोण उचलणार.

पण खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणासारखं असेल, रात्रभर गाणारे बदलतात, प्रत्येकीचा सा वेगळा आणि वाजवणाऱ्याला एकाच पट्टीची सवय, तर बिनधास्त चेंजर घ्या. फक्त किती स्केलचा, म्हणजे फळी किती जागी बसते, ते विचारा. काळी एकवरून काळी चारला वर सात घरं किंवा खाली पाच घरं सरकावं लागतं, १३ स्केलवाल्यात ते निघतं, ९ वाल्यात तुम्हाला हव्या त्या बाजूला तेवढी जागा असेलच असं नाही.

कीबोर्डला ट्रान्सपोजचं (बोटं तीच ठेवून सूर वर-खाली करायचं) बटण असतं, हलका असतो, पण बॅटरीवर चालणारा नसेल तर लाइट गेली की खेळ खलास, आणि भात्याने सूर फुलवता येतो तो त्यात येत नाही. सरावाला ठीक आहे. पेटीसोबत वाजवणार असाल तर आधी मोबाइलवर ट्यूनर लावून मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर येते का बघा, जुनी पेटी थोडी वर-खाली असू शकते आणि मग दोघं एकमेकांशी भांडतात.

दुकानात गेलात की एकही पट्टी न दाबता भाता मारून बघा, हवा सूं करून निघत असेल तर ती पेटी नको, आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसलं की ती गळती आणखी वाढते. चेंजर असेल तर फळी प्रत्येक खाचेत बसवून प्रत्येक वेळी सगळ्या पट्ट्या वाजवा, शेवटच्या खाचांमध्येच अडकतात. आणि गाणाऱ्या बायकांपैकी निदान एकीला सोबत न्या, पट्टी तिच्या गळ्यावरून ठरवायचीये.