मोठ्या ब्रँडचा डबा की दुकानाच्या नावाचा? बाळाच्या पावडर दुधाची तुलना

ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर झोपाळू अस्वल, सोनेरी पट्टा आणि ‘प्रगत’ हा शब्द तीन ठिकाणी. दुसऱ्यावर दुकानाचं नाव, बाळाचं वय आणि बाकी सगळी पांढरी जागा. दुसरा बराच स्वस्त होता, आणि नेमका म्हणूनच ताईला त्याचा संशय येत होता. “यात काय कमी आहे तेवढं शोधून दे,” ती म्हणाली, “मग ठरवते.” बाळ चार महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं आणि डॉक्टरांनी वरचं सुरू करायला सांगितलं होतं. त्यामुळे द्यायचं की नाही हा प्रश्न संपला होता, कोणतं द्यायचं एवढंच उरलं होतं. मी भिंग घेऊन बसले.

डब्याची मागची बाजू

डब्याची पुढची बाजू जाहिरातवाले लिहितात, मागची कायदा लिहायला लावतो. जन्मापासून द्यायच्या फॉर्म्युलासाठी, म्हणजे बाळाच्या पावडर दुधासाठी, कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक १९८१ पासून आहे. तयार दुधाच्या १०० मिलीमध्ये ६० ते ७० किलोकॅलरी हव्यात, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं किती असावीत, सगळं त्यात ठरलेलं. अमेरिकेत ३० पोषक घटकांची किमान पातळी कायद्याने बांधलेली आहे, त्यातल्या १० घटकांना कमाल मर्यादाही आहे. युरोपचे नियम वेगळे, पण तेही असेच काटेकोर. यातल्या एकाही नियमात मोठ्या ब्रँडसाठी एक मोजपट्टी आणि साध्या डब्यासाठी दुसरी, असं नाही.

अमेरिकेतला हा कायदा १९८० चा, आणि तो आला १९७८ मधल्या एका चुकीमुळे. सोयाच्या फॉर्म्युलातलं मीठ कमी केलं गेलं, त्याबरोबर मिठातून मिळणारं क्लोराइडही घटलं आणि ते दूध पिणारी बाळं आजारी पडली. तो फॉर्म्युला ब्रँडचाच होता. नाव मोठं म्हणून आतलं दूध निर्धोक, असं मानणाऱ्यांना मी ही गोष्ट हमखास सांगते.

ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२५ मध्ये या बाजाराचा अहवाल दिला. त्याचं म्हणणं असं, की बाजारातले सगळे पहिल्या टप्प्याचे, म्हणजे जन्मापासून द्यायचे, फॉर्म्युले बाळाची पोषणाची गरज भागवतात, मग ब्रँड कुठलाही असो. तरी आईबाप महागाकडे वळतात, कारण हातात दुसरं काही मोजमाप नसलं की माणूस किंमतीलाच दर्जा समजतो. ताई तेच करत होती. तिच्या जागी मी असते तर मीही केलं असतं.

आणखी एक गंमत. अमेरिकेत वेगवेगळ्या मोठ्या दुकानसाखळ्यांच्या नावाने मिळणाऱ्या बहुतेक डब्यांमधलं दूध पेरिगो नावाची एकच कंपनी बनवते. म्हणजे दोन दुकानांचे डबे घेऊन त्यात डावं-उजवं करणं बऱ्याचदा फुकट जातं. याची दुसरी बाजूही आहे. तिथे एका कारखान्यात घोळ झाला तर दहा नावांचे डबे एकदम परत मागवावे लागू शकतात. मोठ्या ब्रँडला हे चुकत नाही म्हणा. २०२२ मध्ये अमेरिकेत दुधाची जी टंचाई झाली, ती एका बड्या ब्रँडचा कारखाना बंद पडल्यामुळेच आणखी चिघळली होती. डबा कुठलाही घ्या, तळाशी छापलेल्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा.

मग फरक आहे कुठे?

आहे, पण तो ब्रँड आणि साधा असा सरळ पडत नाही. त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागते.

पहिली ओळ साखरेची. आईच्या दुधातली साखर लॅक्टोज असते. यादीत लॅक्टोज पहिल्या एक-दोन नावांत असेल तर छान. त्याऐवजी कॉर्न सिरप सॉलिड्स किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (दोन्ही स्टार्चपासून बनवलेले) असेल, तर तो डबा बहुधा ‘जेंटल’, ‘कम्फर्ट’ किंवा ‘लॅक्टोज कमी’ या प्रकारातला असतो. मौज म्हणजे ताईच्या महागड्या डब्यात लॅक्टोज कमी होतं आणि साध्यात पूर्ण. तिला वाटत होतं त्याच्या बरोबर उलट. ‘कम्फर्ट’ लिहिलेल्या दुधाने पोटशूळ थांबतो याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर त्या शब्दापायी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

मग प्रथिनं. दुधात ती मुख्यतः दोन गटांची, केसीन आणि व्हे. गाईच्या दुधात केसीन जास्त, व्हे कमी. आईच्या दुधात व्हेचं पारडं जड. पहिल्या टप्प्याच्या बहुतेक फॉर्म्युल्यांत व्हे वाढवून ते प्रमाण ६०:४० च्या आसपास आणलेलं असतं, महागड्या डब्यांत आणि साध्यांतही.

तेलात पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग) दिसलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा: काही बाळांना त्याने शी घट्ट होते. पाम असलेले महागडे डबे आहेत आणि पाम नसलेले साधेही. ज्यांच्या बाळाला कुंथावं लागतं त्यांनी ही एक ओळ जरूर ताडून पाहावी.

बाकी राहिले पुढच्या बाजूला चमकणारे शब्द. डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल युरोपात २०२० पासून सगळ्याच फॉर्म्युल्यांत सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे तो बढाई मारायचा मुद्दाच उरत नाही. शिवाय पूर्ण दिवसांच्या बाळांना वरून डीएचए दिल्याने बुद्धीत ठळक फरक पडतो, असं चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलेलं नाही. एचएमओ म्हणजे आईच्या दुधातल्या खास शर्करा. आईच्या दुधात त्या दीडशेहून जास्त प्रकारच्या असतात, डब्यात त्यातल्या एक-दोन, फार तर पाच-सहा. घातल्याने नुकसान नाही, पण ‘आईच्या दुधासारखं’ म्हणण्याइतकंही त्यात काही नाही. अलीकडे काही साध्या डब्यांतही एचएमओ असतं.

चमचा

आता जी गोष्ट कुठल्याच डब्यावर मोठ्या अक्षरात नसते ती.

सुरुवात महागड्या डब्याने झाली होती, मग ताईने साधा सुरू केला. दोन दिवसांत घरात ओरड सुरू झाली: हे दूध हलकं आहे, बाळाच्या पोटात टिकतच नाही, तासाला रडतंय. भावोजी तर जुना डबा परत आणायला निघालेच होते. रात्रीची बाटली तेच बनवत. मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर एक बनवा. त्यांनी १२० मिली पाणी घेतलं, डब्यातला चमचा काढला, सपाट केला, दोन चमचे टाकले आणि बाटली हलवायला लागले. जुन्या डब्याचा चमचा मोठा होता, एका चमच्याला ६० मिली पाणी. नव्याचा छोटा, एका चमच्याला ३० मिली. बाळ दोन रात्री निम्म्या ताकदीचं दूध पीत होतं आणि आळ मात्र स्वस्त डब्यावर आला होता.

पातळ दूध ही साधी चूक नव्हे. उपासमार तर होतेच, शिवाय पाणी जास्त गेलं की रक्तातलं सोडियम उतरून तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. जास्त घट्ट केलं तरी बद्धकोष्ठ होतं, अंगातलं पाणी कमी पडतं. म्हणून ज्या डब्याचा चमचा त्याच डब्यात. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर घालायची. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा.

या तुलनेत माझं पारडं झुकतं ते इथेच. महाग डबा घेतलेल्या घरात महिनाअखेरीस ‘आज जरा एक चमचा कमी’ हा मोह होतो. लाजेपोटी कोणी बोलत नाही, पण होतो. जो डबा शेवटच्या चमच्यापर्यंत पूर्ण मापाने देणं परवडतं, तो बाळासाठी चांगला डबा.

हिशेब कसा करायचा

डब्याच्या किमतीवरून काहीच कळत नाही. समजा डबा ४०० ग्रॅमचा, चमचा ४.५ ग्रॅमचा आणि एका चमच्याला ३० मिली पाणी. म्हणजे साधारण ८८ चमचे, म्हणजे अडीच लिटरच्या थोडं वर. चार-पाच महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५० मिली लागतं, तेव्हा पाच किलोच्या बाळाला ७५० मिली. डबा साडेतीन दिवसांत संपतो. दोन्ही डब्यांचा असा दर लिटरचा खर्च काढा आणि मगच बोला. आणि झाकण उघडल्यावर डबा साधारण महिन्यात संपवायचा असतो, त्यामुळे अधूनमधूनच वरचं घेणाऱ्या बाळासाठी स्वस्तातला मोठा डबा घेतला तर अर्धा टाकून द्यावा लागतो.

जिथे ही तुलना चालत नाही

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला पूर्ण विघटित प्रथिनांचं किंवा अमिनो आम्लांचं दूध लिहून दिलेलं असतं. ते मनाने बदलायचं नाही, अगदी ‘जेंटल’नेही नाही, कारण त्यातलं प्रथिन अर्धवटच तुटलेलं असतं. दिवसांआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचंही तसंच. पावडर निर्जंतुक नसते. एवढ्या नाजूक बाळांना डॉक्टर कधी कधी तयार द्रवरूप दूधच द्यायला सांगतात. पावडरच द्यायची असेल तर पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जाण्याआधी कालवायची, मग बाटली गार करायची. जागतिक आरोग्य संघटनेचीही सूचना अशीच आहे.

बाकी धडधाकट बाळाचा डबा बदलताना फार सोहळा लागत नाही. दोन-तीन दिवस शीचा रंग बदलतो, कधी हिरवट होतो, वायू जरा जास्त सरतो. उलट्या, अंगावर पित्तासारखे चट्टे किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. दर चार दिवसांनी डबा बदलून ‘कोणतं मानवतं’ बघत बसलं तर काहीच कळत नाही. दोन आठवडे तरी एकावर राहा.

ताईने साधाच डबा ठेवला. झाकणावर काळ्या मार्करने लिहिलंय: १ चमचा, ३० मिली. भावोजी रात्री दोन वाजता चमचे मोठ्याने मोजतात, आणि मधे कोणी काही विचारलं तर बाटली ओतून देऊन पुन्हा एकपासून सुरू करतात.