वेल्डिंग इन्स्पेक्टरसाठी सौदीचा व्हिसा : अंधेरीतील एका भरती संस्थेच्या सेवेविषयी

रायगड जिल्ह्यातील कारखान्यांत अकरा वर्षे पाइपिंग आणि फॅब्रिकेशनचे वेल्डिंग तपासल्यानंतर गेल्या वर्षी मी सौदी अरेबियातील नोकरीसाठी अंधेरी पूर्वेच्या एका नोंदणीकृत भरती संस्थेकडे नाव दिले. नाव दिल्यापासून विमानाचे तिकीट हातात पडेपर्यंत सात महिने गेले. या काळात संस्थेने जे केले आणि जे मलाच करावे लागले, त्याचा हा अभिप्राय आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले ते या एका कार्यालयापुरते नसून या धंद्याची ती रीतच आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : पैशाच्या व्यवहारात संस्था चोख आहे, पण इन्स्पेक्टर म्हणजे काय आणि त्याची नोकरी नेमकी कुठे अडते याची तिथे कुणाला फारशी जाण नाही.

या संस्थेकडे येण्याआधी मी वाशीतील एका सल्लागाराकडे जाऊन आलो होतो. ब्रिटनमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टरची जागा आहे, मालक स्पॉन्सर करणार आहे आणि त्या स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रासाठी आठ लाख रुपये भरावे लागतील, असे त्याने मला चहा पाजून सांगितले. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार आणणाऱ्या मालकाला सरकारी परवाना लागतो आणि अशा मालकांची यादी तिथले सरकार संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवते. त्याने सांगितलेली कंपनी त्या यादीत नव्हती. शिवाय ३१ डिसेंबर २०२४ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी हा परवान्याचा आणि प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. कॅनडातही परदेशी कामगार आणण्यापूर्वी मालकाने श्रमबाजाराच्या परिणामाचे जे मूल्यांकन करून घ्यायचे असते, त्याचे एक हजार डॉलरचे शुल्क त्यानेच सोसायचे असते. तेव्हा स्पॉन्सरशिपच विकायला काढलेली दिसली की पुढचे बोलणे ऐकत बसण्याचे कारण उरत नाही. मी चहाचे आभार मानून उठलो.

अंधेरीच्या संस्थेचा परवाना क्रमांक तिच्या जाहिरातीतच छापलेला होता. तो मी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घालून पाहिला. परवाना चालू होता आणि कार्यालयाचा पत्ता जुळत होता. पत्ता जुळणे महत्त्वाचे आहे, कारण एखाद्या खऱ्या संस्थेचा क्रमांक उचलून दुसऱ्याच गाळ्यात दुकान थाटणारे लोक या धंद्यात आहेत. उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर घेता येतो, असा नियम आहे. अठरा टक्के धरून ही रक्कम ३५,४०० होते आणि या संस्थेने माझ्याकडून नेमकी तेवढीच घेतली, तीही निवड झाल्यावर, बँकेमार्फत आणि पावती देऊन. इमारतीच्या जिन्यात भेटलेल्या एका मध्यस्थाने याच जागेसाठी सत्तर हजार रोख मागितले होते, हे लक्षात घेतले तर पावतीचा तो कागद किती मोलाचा होता हे कळेल.

आता कार्यालयातील अनुभवाकडे वळतो. समोर बसलेल्या बाईंनी माझा बायोडाटा चाळला आणि विचारले, ‘‘वेल्डर ना तुम्ही?’’ मी म्हटले, ‘‘नाही मॅडम, वेल्डिंग इन्स्पेक्टर.’’ त्यावर ‘‘हो, तेच ते,’’ असे म्हणून त्यांनी नोंद केली. चार दिवसांनी मला फोन आला, की शनिवारी साकीनाक्याला ट्रेड टेस्ट, म्हणजे हातकामाची परीक्षा आहे, येताना हातमोजे, सेफ्टी शूज आणि स्वतःची वेल्डिंगची काच घेऊन या. ज्याने आयुष्यात दुसऱ्याच्या जोडांवर खडूने खुणा केल्या, त्याला जोड मारायला बोलावले होते! मी पुन्हा कार्यालयात गेलो आणि सीस्विप ३.१ चे प्रमाणपत्र टेबलावर ठेवून समजावून सांगितले, की ब्रिटनच्या टीडब्ल्यूआय संस्थेच्या योजनेखाली मिळणारे हे प्रमाणपत्र तपासणी करणाऱ्याचे आहे, ते दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावे लागते आणि आखातात अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या सीडब्ल्यूआय या इन्स्पेक्टरच्या प्रमाणपत्राइतकेच ते चालते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि चूक दुरुस्त केली. त्यांची वागणूक सौजन्याची होती, एवढे मान्य केले पाहिजे.

मुलाखत मात्र उत्तम झाली. सौदी कंपनीचा केरळचा एक वरिष्ठ इन्स्पेक्टर स्वतः आला होता आणि त्याने टेबलावर सहा इंची, शेड्यूल ४० च्या पाइपचा वेल्ड केलेला तुकडा आणि जोड मोजण्याचा एक केंब्रिज गेज ठेवला. जोडाच्या कडेला खाचेसारखा अंडरकट दिसत होता. मी गेज लावून मोजला, तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरला. ‘‘ॲक्सेप्ट की रिजेक्ट?’’ असे त्याने विचारले. मी उलट विचारले, की बी ३१.३ या पाइपिंगच्या कोडप्रमाणे ही लाइन कोणत्या सेवेची, म्हणजे कोणत्या प्रकारच्या वापराची धरायची? तो हसला. सर्वसाधारण सेवेत एक मिलिमीटर किंवा भिंतीच्या जाडीचा चौथा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढा अंडरकट चालतो. या पाइपच्या ७.११ मिलिमीटर जाडीला एक मिलिमीटरच लागू होतो, म्हणून जोड पास. तीव्र आवर्ती भाराची, म्हणजे पुन्हा पुन्हा जोराचा ताण येणारी लाइन असेल तर अंडरकट मुळीच चालत नाही, म्हणून तोच जोड नापास. पुढची वीस मिनिटे आम्ही डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसे करायचे याचा लेखी तपशील), वेल्डरची पात्रता आणि रेडिओग्राफच्या फिल्मवर बोललो. अशी जाणती मुलाखत ठरवून दिल्याचे श्रेय मी संस्थेला देतो.

पंधरा दिवसांनी ऑफर लेटर आले आणि इथून पुढे उमेदवाराने स्वतःच इन्स्पेक्टर व्हावे लागते. पगाराचा एकच आकडा छापला होता आणि खाली ‘दहा तास ड्युटी, आठवड्याचे सहा दिवस’ असे लिहिले होते. सौदी कायद्यात आठवड्याचे ४८ तास हे साधारण काम असून त्यापुढच्या प्रत्येक तासाला तासाचे वेतन आणि तासाच्या मूळ पगाराच्या निम्मे अधिक, असे द्यावे लागते. दहा तासांच्या हिशेबाने आठवड्याला बारा तास ओव्हरटाइम होतो आणि तो ‘सगळे धरून’ म्हणून त्या एका आकड्यात विरघळून जातो. मूळ पगार किती, घरभाडे किती, साइट भत्ता किती, हे वेगळे लिहून द्या अशी मी मागणी केली. संस्थेचे म्हणणे होते, की कुणीच असे विचारत नाही. तरीही त्यांनी ईमेल पाठवला आणि आठवड्याभरात सुधारित पत्र आले. कराराची अरबी प्रतही मागून घ्यावी, कारण दोन प्रतींत फरक निघाला तर तिथे अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. इकामा म्हणजे तिथला रहिवासी परवाना, वर्क परमिट, त्यांचे नूतनीकरण आणि करार संपल्यावर परतीचे तिकीट हा खर्च सौदी श्रम कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे मालकाचा असतो. माझ्या पहिल्या पत्रात इकामाच्या शुल्काविषयी एक संदिग्ध ओळ होती, ती मी काढायला लावली.

या ठिकाणी एक गोष्ट सांगायला हवी, जी संस्थेने मला सांगितली नाही. दहावी झालेल्या माणसाच्या पासपोर्टला एमिग्रेशन तपासणीची (परदेशी कामाला जाण्यापूर्वीच्या सरकारी तपासणीची) अट नसते, म्हणजे आपल्या बोलीत तो ‘ईसीएनआर’ असतो. साध्या वेल्डरचा किंवा फिटरचा पासपोर्ट अट असलेला असेल, तर आखातासह अठरा देशांत जाण्यापूर्वी त्याचा करार प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाच्या नजरेखालून जातो. पदविका घेतलेल्या इन्स्पेक्टरला ती मंजुरी लागत नाही, आणि म्हणून त्याचा करार सरकारी माणूस सहसा वाचतही नाही. शिकलेला आहे, स्वतः वाचेल, असे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात आम्ही दुसऱ्याचे कागद दिवसभर वाचतो आणि स्वतःच्या करारावर मात्र न वाचता सही करून मोकळे होतो.

सर्वांत मोठी उणीव क्लायंट ॲप्रूव्हलच्या बाबतीत जाणवली. व्हिसा देणारा मालक हा बहुतेक वेळा कंत्राटदार किंवा मनुष्यबळ पुरवणारा असतो. इन्स्पेक्टरने प्रत्यक्ष साइटवर सही करावी की नाही, हे क्लायंट, म्हणजे ज्याचा प्रकल्प आहे ती तेल किंवा पेट्रोकेमिकल कंपनी ठरवते. तिचा तपासणी विभाग बायोडाटा आणि प्रमाणपत्रे पाहतो, अनेकदा मुलाखत किंवा परीक्षा घेतो आणि मगच नाव मंजूर करतो. माझ्या ऑफर लेटरमध्ये चौथ्या पानावर ‘नेमणूक क्लायंटच्या मंजुरीवर अवलंबून’ असे एक वाक्य होते. त्याचा अर्थ असा, की मी इथली नोकरी सोडून, व्हिसा घेऊन सौदीतील जुबैलला पोचलो आणि तिथे मंजुरी नाकारली गेली, तर परिवीक्षेच्या काळात मला भरपाईशिवाय परत पाठवता येईल, किंवा कमी दर्जाच्या कामावर बसवता येईल. संस्थेचा आग्रह होता, ‘‘आधी व्हिसा, मग ॲप्रूव्हल, सगळे असेच जातात.’’ मी राजीनामा द्यायला नकार दिला आणि आधी बायोडाटा क्लायंटकडे पाठवा असे लेखी कळवले. तीन स्मरणपत्रांनंतर तो गेला.

क्लायंटने तो परत पाठवला. कारण ऐकून मी स्वतःवरच चिडलो. माझ्या आधीच्या एका कंपनीच्या अनुभवपत्रात माझे पद ‘क्यूसी इंजिनिअर’ (गुणवत्ता नियंत्रण अभियंता) असे होते आणि प्रकल्पाचे नाव, कोड, पाइपचे साहित्य यांचा उल्लेखच नव्हता. मी तिथे साडेतीन वर्षे दिवसरात्र वेल्डिंग तपासले असले, तरी कागदावर नसलेली वर्षे मोजली जात नाहीत. जुन्या साहेबांना भेटून, कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले नवे पत्र मिळवायला मला तीन आठवडे लागले. सीस्विपची मुदतही सात महिन्यांत संपत होती, तिच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्याचा पुरावा जोडावा लागला. ही दोन्ही छिद्रे पहिल्याच दिवशी कुणा जाणकाराने फाइल पाहिली असती तर दिसली असती. इतकी वर्षे इन्स्पेक्टर पाठवणाऱ्या संस्थेकडे असा एकही माणूस नसावा, याचे मला नवल वाटते. एकूण दहा आठवड्यांनी मंजुरी आली आणि त्याच दिवशी मी राजीनामा दिला.

माझ्यासोबत निवड झालेला चिंचवडचा एक मित्र संस्थेच्या सांगण्यावरून आधीच गेला होता. मी हे लिहीत असताना तो जुबैलच्या कॅम्पमध्ये मंजुरीची वाट पाहत असून, तोवर त्याला वेल्डिंगच्या नोंदवह्या भरायला बसवले आहे. ओव्हरटाइम नाही, साइट भत्ता नाही.

व्हिसावर लिहिलेला व्यवसाय हा आणखी एक मुद्दा. मालकाकडे ज्या व्यवसायांचे व्हिसा मंजूर असतात, त्यांतूनच संस्था वाटप करते, म्हणून कामाचे नाव एक आणि व्हिसावरचे दुसरे असे होते. मला प्रथम साधा मजूर या व्यवसायाचा व्हिसा देऊ केला होता. तो मी नाकारला आणि तंत्रज्ञ या व्यवसायाचा येईपर्यंत पाच आठवडे थांबलो. पुढे कुटुंबाला न्यायचे असेल किंवा नोकरी बदलायची असेल, तर इकाम्यावरचा हाच शब्द आडवा येतो.

बाकीचे टप्पे सुरळीत पार पडले. वाफिद या आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळालेल्या केंद्रात वैद्यकीय तपासणी, पदविकेचे साक्षांकन, बोटांचे ठसे, व्हिसाचे स्टॅम्पिंग हे सगळे संस्थेने तारखा देऊन, वेळेत आणि जादा पैसे न मागता करून घेतले. मूळ पासपोर्ट मी फक्त स्टॅम्पिंगपुरता दिला आणि त्याची लेखी पोच घेतली. ती देताना कुणी कुरकुर केली नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. एक गुण क्लायंट ॲप्रूव्हलच्या आधी राजीनामा द्यायला लावण्याच्या आग्रहाबद्दल कापला आहे, अर्धा त्या मजुराच्या व्हिसाबद्दल. ज्याची प्रमाणपत्रे ताजी आहेत, अनुभवपत्रांत ‘वेल्डिंग इन्स्पेक्टर’ हे शब्द स्पष्ट आहेत आणि ज्याला नोकरी न सोडता सहा-सात महिने थांबणे परवडते, त्याने या संस्थेकडे अवश्य जावे. घाई असलेल्याने जाऊ नये. गेल्या शुक्रवारी मी तिकीट आणायला गेलो, तेव्हा बाईंनी माझी फाइल काढून समोर ठेवली. आत पावती, दोन्ही भाषांतला करार, मंजुरीचे पत्र, सगळे क्रमाने लावलेले होते. वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईने अजून ‘वेल्डर’ असेच लिहिलेले होते.