जास्त उजेड, पण समोरच्याच्या डोळ्यांत नको: एलईडी बल्ब की हॅलोजन आणि रिले?

गाडीला रिफ्लेक्टरवाले (मागच्या चकचकीत वाटीवरून उजेड पुढे फेकणारे) हॅलोजन हेडलाइट आहेत, रात्री उजेड पुरत नाही आणि आता काहीतरी करायचंच असं ठरलंय, अशांसाठी हे लिहितोय. पर्याय ढीगभर दिसले तरी गाडं शेवटी दोन गोष्टींवर अडतं: आहे त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब लावायचा, की हॅलोजनच ठेवून चांगल्या प्रतीचा बल्ब आणि रिलेचं (छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणाऱ्या स्विचचं) वेगळं वायरिंग करून घ्यायचं. मी दोन्ही वापरलंय, एकाच गाडीत आणि त्याच त्या रस्त्यांवर. उजेड मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे जे सांगतोय ते स्टिअरिंगमागे बसून दिसलेलं. तुमच्या गाडीत थोडं वेगळं दिसू शकेल.

एलईडीचं कौतुक आधी करतो, कारण ते खोटं नाही. जुना बल्ब काढला, नवा बसवला, काम संपलं. वीज बरीच कमी खातो. पहिल्या रात्री तर माणूस हरखूनच जातो. पांढरा झक्क उजेड, रस्त्यावरचे पट्टे चमकतायत, पाट्या लांबून उजळतायत. शेजारी बसलेलाही विचारतो, कुठले लावलेस रे?

हा आनंद टिकतो का, ते तुम्ही कुठे चालवता यावर आहे. रस्त्यावर दिवे असतील तर काही बिघडत नाही. अंधाऱ्या दुपदरी रस्त्यावर मात्र हळूहळू लक्षात यायला लागतं की उजेड वाढलाय तो मुख्यतः बंपरच्या पुढ्यात. जवळचं लख्ख झालं की डोळे त्याला सरावतात आणि पलीकडचा अंधार आणखी दाट वाटायला लागतो. ताशी ८० ने जाताना मला बोनेटसमोरची खडी मोजायची नसते, लांबची बिनदिव्याची सायकल दिसायला हवी असते.

असं का होतं ते एच४ चा, म्हणजे अप्पर आणि डिपर दोन्ही एकातच असलेला हॅलोजन बल्ब हातात घेऊन पाहिलं की कळतं. आत दोन फिलामेंट असतात. पुढच्या, म्हणजे डिपरच्या (खाली घेतलेल्या उजेडाच्या) फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा वरचाच भाग कामाला लागतो आणि उजेड रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड किंचित तिरकी असते. गाडी भिंतीसमोर उभी केली की उजेड जिथे संपून वर अंधार सुरू होतो ती रेघ एका बाजूला चढलेली दिसते, ती या कडेमुळे. सगळा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. एलईडीत तार नाही. एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. पट्टी जरा जाड असली किंवा चिप मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्या की उजेड भलतीकडे फेकला जातो. खोक्यावर लुमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे आकडे मोठमोठे असतात. एच४ हॅलोजनचं प्रमाणित माप डिपरला १००० आणि अप्परला १६५० लुमेन आहे, त्यामुळे ते आकडे वाचून भुलायला होतं. वाढलेला उजेड कुठे पडणार हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं.

तरीही एवढं मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आणला तो समोरच्यांच्या अप्पर-डिपरने.

समोरून गाडी येणार आणि अप्पर-डिपर मारणार. तो म्हणतोय, बाबा, लाइट खाली घे. माझा आधीच खाली आहे. मग ते कळवायला मी क्षणभर अप्पर मारणार, की बघ, अप्पर हा असा असतो, मघाशी होता तो डिपर. त्याला यातलं काय कळणार? त्याच्या डोळ्यांत आधी एक झळ गेली होती, आता दुसरी गेली. तो चिडून अप्पर लावूनच ठेवणार. झालं, आता दोघंही आंधळे, आणि मधल्या पट्ट्यात कुणी कडेने चालत असेल तर तो दोघांनाही दिसत नाही. दोन मिनिटांनी पुढची गाडी, पुन्हा तेच नाटक.

वाटतं की दुर्लक्ष करता येईल. मला नाही जमलं. उंचावर बसणारे ट्रकवाले सहसा काही म्हणायचे नाहीत. हात डिपरवर जायचा तो छोट्या गाड्यांवाल्यांचा आणि दुचाकीवाल्यांचा, म्हणजे ज्यांचे डोळे माझ्या हेडलाइटच्या पातळीच्या जवळ असतात त्यांचा. झळ लागल्यावर डोळे सावरायला वेळ लागतो, उतारवयात आणखी जास्त. तेवढा वेळ समोरचा अंदाजाने गाडी हाकत असतो, आणि येत असतो तो माझ्याच दिशेने. दुसऱ्याची काळजी बाजूला ठेवली तरी ही स्वतःचीच काळजी आहे.

उपाय नसतात असं नाही. एलईडीची कॉलर (होल्डरमध्ये बसणारी कडी) फिरवून चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आणायच्या. एवढं प्रत्येकाने करायलाच हवं, त्याने फरक पडतो. पण भिंतीसमोर गाडी उभी केली तर हॅलोजनची रेघ चाकूने कापल्यासारखी आणि एलईडीची रेघ असूनही तिच्यावर धुरकट उजेडाचा एक पट्टा, हे चित्र काही पूर्ण जाईना. हेडलाइट खाली उतरवले तर पट्टा खाली येतो, पण रेघही खाली येते आणि लांबचं दिसणं आणखी तुटतं. शिवाय मागचा पंखा पुष्कळदा इतका बाहेर येतो की हेडलाइटची रबरी टोपी नीट बसत नाही, मग आत धूळ आणि ओल.

सगळे एलईडी बल्ब असेच, असं म्हणणार नाही. जर्मनीत २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या एच७ (हा हेडलाइट बल्बचा आणखी एक प्रकार) एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली. पण कसलीही गाडी चालत नाही, चाचणी होऊन यादीत आलेल्या गाड्याच. बल्ब आणि तो ज्या हेडलाइटमध्ये बसणार तो हेडलाइट, ही जोडीच तपासावी लागते, असा त्याचा अर्थ. आपल्या गाडीसाठी ती जोडी कुणी तपासलेली नसेल तर तपासणीचं काम समोरून येणारे करतात, डिपर मारून. तुमच्या भागातला नियम काय म्हणतो तेही आधी पाहून घ्या. बऱ्याच देशांत हा बदल बेकायदा आहे.

आता हॅलोजन. इथे पहिल्या रात्री कुणी हरखत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उजेड पिवळसरच राहतो आणि गाडी जुनी ती जुनीच दिसते.

पण जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरमधून स्विचमार्गे फिरून बल्बपर्यंत येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक: साधारण दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. बल्बचं प्रमाणित माप १३.२ व्होल्टला घेतात. तुमच्या होल्डरवर १२ च पोचत असतील तर बल्ब बिचारा काय करणार? रिले लावला की स्विचला फक्त रिले ओढण्यापुरता करंट लागतो आणि बल्बला बॅटरीपासून जाड वायरने, फ्यूज घालून, थेट पुरवठा मिळतो. खर्च करण्याआधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर माप घ्या आणि मग बल्बच्या मागच्या पिनांवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर माझ्या मते रिले सार्थकी लागेल. फरक नगण्य असेल तर हा खटाटोप सोडा. नव्या गाड्यांत पुष्कळदा तशी गळती नसतेच, उलट बाहेरचं वायरिंग पाहून गाडीचा कॉम्प्युटर बल्ब गेल्याची तक्रार करू शकतो.

बल्ब घेताना ६०/५५ वॅटचाच, पण जास्त उजेडाचा म्हणून विकला जातो तो. त्याचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतं, तो कधीतरी अवेळी जातो, हा या मार्गाचा खरा तोटा. निळसर काचेचे बल्ब टाळा, तो रंगच उजेड खातो. १००/९० वॅटचे तर नकोतच. होल्डर वितळतो, आणि रेघेच्या वर जाणारा थोडासा उजेडही त्याच पटीत वाढतो.

माझा अनुभव असा की रिले आणि चांगला बल्ब लावल्यावर पुढ्यात फारसं बदललं नाही, पण लांबची कड, वळणावरचा दगड, पुढच्या सायकलचा लाल रिफ्लेक्टर हे आधी दिसायला लागलं. आणि समोरच्यांचं डिपर मारणं बंद झालं. कोणी काही म्हणत नाही, यातच माझं समाधान आहे.

प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून उजेड टाकणारा दिवा, हेडलाइटमध्ये बसवून घेणं हा तिसरा मार्ग. नीट झाला तर दोन्हींपेक्षा सरस, कारण उजेडाची रेघ कापणारा पडदा त्याच्या आतच असतो. पण हेडलाइट गरम करून उघडावा लागतो, पुन्हा सील करावा लागतो, आणि सील जरा कच्चं राहिलं की पावसाळ्यात आतून वाफ. वाहतूक डावीकडून असेल तर भिंतीवरची रेघ डाव्या बाजूला चढलेली हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला प्रोजेक्टर उजवीकडे चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. रिफ्लेक्टरमध्ये एचआयडीचा (झेनॉन दिव्यांचा) संच घालण्याबद्दल एवढंच: २००० लुमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिपरसाठी संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम काच धुणारी यंत्रणा आणि आपोआप पातळी राखणारी सोय मागत आले आहेत. बाहेरून आणलेल्या संचात दोन्ही नसतात.

काहीही लावा, फोकस पुन्हा सेट करावाच लागतो. बहुतेक गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा जवळच्या पट्टीवर १.०% किंवा १.३% असा आकडा असतो. १% म्हणजे भिंत १० मीटरवर असेल तर रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली. टायरमध्ये हवा बरोबर, जमीन सपाट, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं. डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं. डॅशबोर्डवर ० ते ३ ची चकती असेल तर ती त्यासाठीच आहे. काच पिवळी पडली असेल तर आधी तिचं बघा. मळकट काच उजेड अडवते आणि चहूकडे पसरवतेही, म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त टोचतं. नुसतं पॉलिश करून थांबू नका, वरून यूव्ही किरण रोखणारा थर द्या, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच.

तुमच्या डिपरला कंपनीचाच प्रोजेक्टर असेल तर गणित जरा बदलतं. तिथे पडद्यामुळे रेघ बऱ्यापैकी शाबूत राहते, त्यामुळे एलईडीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. लावून बघा, भिंतीवर तपासा, मग गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन स्वतः समोरून छोट्या गाडीत बसून या. तोवर जुने हॅलोजन मात्र टाकून देऊ नका.