बडोद्यातील पेटंट एजंटची सेवा: टॉलरन्स सॉफ्टवेअरवरील ‘उघड’पणाचा आक्षेप

मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या छोट्या कंपनीने कॅड मॉडेलवरून (संगणकावरील आराखड्यावरून) जुळणीतील टॉलरन्स, म्हणजे भागाच्या मापात चालणारा फरक, ठरवणारे सॉफ्टवेअर तयार केले. त्याच्या अर्जावर मुंबई पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला, तेव्हा आम्ही दांडिया बाजारातील एका पेटंट एजंटकडे गेलो. एका जुन्या पेटंटात टॉलरन्सची सांख्यिकीय बेरीज आहे, दुसऱ्यात मॉडेलमधून टॉलरन्स आपोआप वाचण्याची रीत आहे, आणि या दोहोंची सांगड घालणे त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचेल, असा आक्षेप होता.

नवीन असणे आणि उघड (म्हणजे जाणकाराला सहज सुचण्याजोगे) नसणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे स्पष्ट करून त्यांनी थेट गणितात हात घातला. प्रत्येकी ±०.१ मिमी टॉलरन्सचे चार भाग एका रांगेत बसवले, तर वाईटात वाईट स्थितीत फरक ±०.४ मिमी होतो. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले, तर ±०.२ मिमी. मात्र हे दुसरे सूत्र चारही चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालते. एकाच सेटिंगमध्ये पाडलेल्या भोकांच्या चुका बरेचदा एकत्र सरकतात, आणि आमची पद्धत तपासणीच्या नोंदींतून हा संबंध काढून टॉलरन्सची फेरवाटणी करते. चुका स्वतंत्र माना असे सांगणारे पेटंट वाचून एखादा डिझायनर आमच्या वाटेला का वळेल, हा प्रश्न त्यांनी उत्तराचा कणा केला. इतके नेमके वाचन मी वकिली कामात क्वचितच पाहिले आहे.

‘जुन्या कागदांत अशी जोडणी सुचवलेली नाही’ एवढ्यावर विसंबू नका, असे त्यांनी बजावले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर निकालात जुन्या कागदांत तशी सूचना हवीच, हा ताठर आग्रह नाकारला आहे, आणि तो निकाल येथे बंधनकारक नसला तरी परीक्षक त्याच दिशेने विचार करू शकतो. उत्तरात मात्र त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या अ‍ॅग्रीबोर्ड निकालाचा आधार घेतला, कारण जुने ज्ञान, अर्जातील शोध आणि तो उघड कसा ठरतो, या तिन्हींचा विचार नकाराच्या आदेशात असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारणाऱ्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खालील आक्षेपाला स्वतंत्र उत्तर दिले.

उणिवा दोन आहेत. आकृत्यांकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, आणि सुनावणीचे शुल्क सुरुवातीच्या अंदाजपत्रकात वेगळे दाखवले नव्हते. ते आधीच लेखी मागून घ्यावे.