ब्रोमीन की परमँगनेट?

रेणूत कार्बन अणूंमध्ये दुहेरी किंवा तिहेरी बंध आहे का हे बघायला ब्रोमीनची की पोटॅशियम परमँगनेटची, कोणती चाचणी करू, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं.

खूण स्पष्ट दिसण्यात परमँगनेट सरस. थंड, विरल, अल्कधर्मी द्रावण थेंबथेंब सोडलं की जांभळा रंग जातो आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका दिसतो. ब्रोमीनचा नारिंगी रंग नुसता उडतो.

फसण्यातही परमँगनेटच पुढे! अल्डिहाइडसुद्धा (-CHO गट असलेलं संयुग) त्याचा रंग घालवतं. ब्रोमीनच्या पाण्याला फिनॉल चकवतं, पण तिथं पांढरा साका पडतो, म्हणजे चोर लगेच सापडतो. परीक्षानळी उन्हात मात्र धरू नका. उजेडात संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेले, हायड्रोकार्बनही (नुसत्या कार्बन-हायड्रोजनची संयुगं) ब्रोमीन खातात.

त्रासाचं म्हणाल तर परमँगनेट बोटं तपकिरी करतं, एवढंच. ब्रोमीनच्या वाफा घातक.

बंध दुहेरी की तिहेरी, हे दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट, म्हणजे रेणू तो प्रकाश कुठे शोषतो त्याचा आलेख, बघावा. तिहेरी कार्बन बंधाची खूण साधारण २१०० ते २२६० सेंमी⁻¹ दरम्यान येते. रेणू सममित असेल तर तीही गायब.

नमुना निव्वळ हायड्रोकार्बन असेल किंवा फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर खेचणारं कपाट) नसेल तर परमँगनेट घ्या. अल्डिहाइडची शंका असेल तर सेंद्रिय द्रावकातलं ब्रोमीन.